वाळूवरून उचललेली बंगली

१

आमच्या सिलाग बेटावर कोंबड्या चोरीला जातात, क्वचित एखादी होडीही जाते. घर चोरीला गेल्याचं मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं. सान व्हिसेन्तेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी माझी बंगली चोरीला गेलेली होती. आतलं सामान नव्हे, छप्पर, भिंती आणि शिडीसकट आख्खी बंगली.

मी तेव्हा लुपोच्या होडीत होते. समोरच्या फळीवर मारिविक आणि तिची म्हातारी आई बसल्या होत्या, माझ्या या मोसमातल्या पहिल्या पाहुण्या. मारिविक हाँगकाँगला लोकांच्या घरी राबते. सुट्टी मोजकी आणि पैसा त्याहून मोजका, म्हणून बिचारीने कितीतरी महिने खपून हा मुक्काम आखला होता. होडी एकटीसाठी न ठरवता बाजारच्या बायकांबरोबर यायचं, तांदूळ आणि सुकी मासळी घरून आणायची, खिडक्या उघड्या टाकून वाऱ्यावर झोपायचं, ताजा मासा किनाऱ्यावरच जाळ्यातून घ्यायचा. मला मानांग, म्हणजे ताई, करत ती वाटेत म्हणाली, "मला दुसरं काही नको, मानांग दोराय. दिवसभर कुणी हाक मारायला नको, एवढंच."

हाक मारायला तिथे होतं कोण? भूशिराच्या पलीकडची ती एवढीशी पुळण, मागे माडांची बाग आणि वाळूवर माझी बांबूची बंगली. निपा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली. माझ्या नवऱ्याने, एल्पीने, ती स्वतःच्या हातांनी बांधली होती. मी तिला घर म्हणायचे. पाहुण्यांना फोनवर निरोप लिहायचं काम माझी मैत्रीण बेबिंग करायची, आणि ती ऐटीत लिहायची, 'समुद्रकाठचा शांत बंगला, गरिबाला परवडेल असा.'

होडी भूशिर वळून आत शिरली आणि लुपोने इंजिन बंद केलं. खांब ज्यांच्यावर टेकलेले असायचे ते सपाट दगड तेवढे वाळूत राहिले होते. बाकी नुसतं आभाळ.

"मानांग," मारिविकने अगदी अदबीने विचारलं, "बंगला जरा आत आहे का?"

मी उतरून धावले. दगडांभोवती पावलंच पावलं उमटली होती, अनवाणी आणि खोल. पुढे ती ओहोटीच्या रेषेकडे वळून पुसली गेली होती. माणसांनी खांद्यावर घेऊन घर नेलं होतं. आणि आमच्या बेटावर एवढी माणसं एका कामाला जमली, तर ती माझ्या ओळखीचीच असणार.

२

माझं काय गेलं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल, एका बांबूच्या खोपटासाठी ही बाई एवढी का पेटली. आमच्याकडे वाळू कुणाच्या मालकीची नसते, ती सरकारची. पण तिच्यावर ज्याचं घर उभं, त्याची वहिवाट. सोमवारी मोजणीवाले येणार होते. त्यांना घर दिसलं तर जागा पट्ट्याने माझ्या नावावर झाली असती. घर दिसलं नाही, तर शेजारी हॉटेल उभारणाऱ्या कौन्सिलर गाम्बोआने ती गिळली असती. एल्पी समुद्रात गेला, त्याचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. माझ्याकडे थडगं नाही, ती बंगली होती.

पाहुण्यांना मी माझ्या गावातल्या घरी नेलं आणि मेदेसला बोलावलं. मानोंग मेदेस, म्हणजे मेदेसदादा, एल्पीचा चुलतभाऊ. शहरात पोलिसात होता, आता निवृत्त. पायाचे सांधे सुजतात म्हणून डॉक्टरने डुकराचं मांस तोडलंय, त्यामुळे त्याच्या डोक्यात दुसरा विषय नसतो. मी रडून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "जेवण कुणी घातलं?"

"तुला खाण्यापलीकडे काही सुचतं का रे?"

"तूच विचार कर ना. घर हलवायचं तर वीसएक माणसं खांदा देणार. मजुरी कुणी घेत नाही, पण जेवल्याशिवाय कुणी जातही नाही. खांदा कुणी दिला ते कुणी सांगणार नाही. चूल कुणाची पेटली ते लपत नसतं."

पण आदल्या दिवशी सण. त्या दिवशी सगळ्या चुली पेटलेल्या आणि प्रत्येक दार येईल त्याला उघडं. शिवाय संताच्या मूर्तीबरोबर सगळं गाव होड्यांत बसून समुद्रावर गेलं होतं. यंदा सणाचं यजमानपद माझ्याकडे होतं, म्हणून मी मूर्तीशेजारीच बसले होते. चोराने दिवस बघूनच निवडला होता.

आम्ही आधी गाम्बोआकडे गेलो. तो झुल्यात पडून होता, उठलाही नाही. मेदेसने त्याची माणसं कुठे होती ते विचारलं, तर म्हणाला की ती बँडच्या होडीत नाचत होती, आख्ख्या गावाने पाहिलंय. ते खरंच होतं, मीही पाहिलं होतं. मग माझ्याकडे बघून तो हसला.

"मी कशाला हात काळे करू, मानांग? सोमवारी वाळू मोकळी मिळेल असा शब्द मला आठवड्यापूर्वीच मिळालाय."

"कुणाचा शब्द?"

"तुमच्याच माणसाचा," तो म्हणाला आणि पलीकडे कूस करून पडला.

३

माझं माणूस. मी सगळ्यात आधी लुपोवर घसरले. त्याला कारणही होतं. माझे पाहुणे काटकसरीचे, बाजारच्या होडीने येणारे. गाम्बोआचं हॉटेल झालं असतं तर लुपोला रोज श्रीमंत गिऱ्हाइकं मिळाली असती, आणि पिऊन बसला की तो तसं चारचौघांत बोलायचाही.

"मानांग, संताच्या होडीत तुम्ही पुढे बसला होता आणि सुकाणू माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "सुकाणू धरून घर कसं चोरायचं ते मलाही शिकवा."

मेदेस खो खो हसला. माझं तोंड एवढंसं झालं.

दुपारी बेबिंग आली. तिचा मुलगा रोदेल, त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलेलं, मी त्याची धर्ममाता. म्हणून आम्ही एकमेकींना कुमारे म्हणायचो. तिचं घर डोंगरवाटेच्या तोंडाशी आहे, तिची माडांची बाग माझ्या पुळणीला लागून. बंगली पाहुण्यांना द्यायची कल्पना तिचीच, पडदे तिनेच शिवलेले. एल्पी गेला तेव्हा मला भरवणारी तीच. ती आली ती भल्यामोठ्या पातेल्यात डुकराचं मांस घेऊन आणि मला मिठी मारून.

"खा, कुमारे. पाहुण्यांनाही वाढ," ती म्हणाली. "कालचं अर्धंअधिक उरलंय."

मेदेसने पातेल्याकडे विरहाने पाहिलं. "सणाचं एवढं उरलं?"

"उरणारच. सगळे इथे, यजमानणीच्या दारात. माझ्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही."

मला वाईट वाटलं. गेली कित्येक वर्षं आमच्या घरांचं जेवण एकच असायचं आणि यंदा माझ्या मोठेपणात मी तिला विसरले, असं वाटून मी तिचीच समजूत घालत बसले. मेदेस पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडला. परतला तेव्हा बेबिंग गेलेली होती. तो पडवीत मारिविकपाशी बसला आणि तिने मुक्काम कसा आखला ते सविस्तर विचारू लागला. मला वाटलं, म्हाताऱ्याला फिरायला जायचंय.

मारिविक सगळं सांगत होती. तारीख तिने खूप आधी ठरवलेली. रजेला लागून सण, सणानंतर बाजारची होडी रिकामी, म्हणून हाच आठवडा. पण तिकीट काढल्यावर बेबिंगचा निरोप गेला, पुढच्या आठवड्यात या, स्वस्त पडेल. तिने नाही म्हटलं, तर पुन्हा तोच निरोप.

"स्वस्त पडेल?" मी म्हणाले. "आमचा दर बारा महिने एकच असतो."

मेदेस माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बेबिंगच्या मागच्या अंगणात जाऊन आलो. तिची कुत्री माझ्यावर भुंकली नाहीत. पोटं तट्ट फुगलेली, उठवत नव्हतं त्यांना. चिंचेखाली केळीच्या पानांचा ढीग आहे. चिटपाखरू फिरकलं नाही म्हणते, पण तिथे पंगत उठलीय."

४

मी मेदेसला नाही नाही ते बोलले. डुकराचं मांस तोडल्याने डोकं फिरलंय तुझं, म्हटलं. माणसाने कुणावर संशय घ्यावा याला काही सुमार असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी मला डोंगरवाटेवरच्या सालुदच्या दुकानात नेलं.

सालुद म्हातारी, सणालासुद्धा दुकान बंद न करणारी. सणाच्या दिवशी कोण कोण आलं, असं मेदेसने विचारलं. ती म्हणाली, गाव समुद्रावर असताना डोंगरापलीकडच्या ताबुनोकची माणसं आली होती, घोळकाच्या घोळका.

"काय घेतलं त्यांनी?"

"काही नाही म्हण ना. कुणी एक सिगारेट, कुणी एक गोळी. पोटभर जेवलेले दिसत होते. उगाच थोडा वेळ बसले आणि उठून गेले. एक जण हसला नाही, एकाने थट्टा केली नाही. सणाचा दिवस आणि तोंडं ही अशी."

"हातात पुरचुंड्या होत्या? सणाच्या जेवणाच्या?"

सालुदने आठवून पाहिलं. "रिकाम्या हातांनी होते सगळे. मला तेच नवल वाटलं."

बाहेर येऊन मेदेस बाकावर टेकला. त्याने पायावरून हात फिरवला आणि मला समोर बसवलं.

"दोराय, सणाच्या घरून पाहुणा रिकाम्या हाताने निघतो का?"

"यजमानीण जाऊ देईल तर ना. बायका पुरचुंडी हातात कोंबतात."

"मग वीस माणसं पंगतीला जेवली आणि अर्धं डुक्कर उरलं, ते कसं? तिने दिलं नाही असं नाही. त्यांनी घेतलं नाही. कुठल्या घरचं अन्न आपण तिथेच खातो आणि घरी नेत नाही?"

उत्तर मला ठाऊक होतं. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आणि कुठून निघाल्यावर आपण सरळ घरी जात नाही? वाटेत कुठेतरी उगाच बसून, एखादी गोळी घेऊन, मग घराकडे वळतो?"

"मरण मागे लागू नये म्हणून," मी म्हणाले. "दुखवट्याच्या घरून."

"ते दुखवट्याचं जेवण जेवले. सणाच्या दिवशी, बेबिंगच्या अंगणात."

"पण गावात कुणी मेलंच नाही."

"ताबुनोकच्या माणसांना तसं वाटलं नाही," मेदेस म्हणाला. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. पोलिसात असताना लोकांच्या दारात वाईट बातमी घेऊन जावी लागायची, तेव्हाही तो असाच दिसत असेल. "ताबुनोक एल्पीचं गाव. डोंगर ओलांडून, खांदा द्यायला सगळी माणसं यावीत, अशी त्यांची इथे आहे कोण? चल. माझ्या तोंडून ऐकू नकोस."

५

डोंगर ओलांडून आम्ही ताबुनोकला पोचलो. पहिल्यांदा पोरांनी पाहिलं आणि ती पळत सुटली. मग मला बंगली दिसली.

फणसासारखं मोठं झाड आहे तिथे, एल्पीच्या आईबापांच्या घरापुढे. त्याच्या सावलीत ती उभी होती, एक पान न मोडलेली. शिडी धुतलेली. उंबऱ्यात मेणबत्ती, पांढरी फुलं आणि लग्नातला आमचा फोटो. एल्पीची मावशी, तिया पेत्रा, पायरीवर बसून माळ ओढत होती. मागे बायका प्रार्थना म्हणत होत्या. माझ्याच नावाने म्हणत होत्या.

मला बघून आवाज थांबला. कुणी किंचाळलं नाही. तिया पेत्रा उठली, जवळ आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"गरम आहे," ती मागे वळून बायकांना म्हणाली. मग मटकन खाली बसली.

हळूहळू सगळं कळलं. बेबिंग सणाच्या आधी डोंगर चढून आली होती. तिने सांगितलं होतं की दोराय शहरातल्या इस्पितळात वारली, तिच्या बहिणीने तिला तिथेच पुरलं. जाताना म्हणाली, एल्पीने बांधलेलं घर एल्पीच्या माणसांत जाऊ दे. पण गाम्बोआला कळलं तर तो आडवा येईल, म्हणून गाव समुद्रावर असताना या, जेवा आणि गुपचूप न्या. जेवून, सालुदच्या दुकानात टेकून मग ते पुळणीवर उतरले, आणि बंगली उचलताना म्हणे म्हातारे पुरुष रडत होते. ओहोटीच्या काठाने वळसा घालून नेताना वाटेत कुणी ती खाली टेकू दिली नाही.

"आम्ही विश्वास कसा ठेवला असं विचारू नकोस, पोरी," तिया पेत्रा म्हणाली. "ती इतकी रडली, इतकी रडली की आम्हालाच तिला धरावं लागलं. बहिणीसाठी कुणी इतकं रडत नाही."

मेदेस टोपी चाळवत उभा होता. त्याचं कोडं सुटलं होतं, पण त्याचा चेहरा पडलेला होता. मला बंगली सापडली याचा आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच कळत होतं की ज्या बाईने मला घास भरवले, तिने माझं मरण ठरवलं, त्याचा स्वयंपाक केला, आणि उरलेलं पातेल्यात भरून मलाच वाढलं. मी ते खाल्लंही होतं. चविष्ट झालंय, म्हणाले होते.

६

बेबिंग अंगणात नारळ खवत होती. मला एकटीला डोंगराच्या बाजूने येताना पाहिलं आणि तिला कळलं. तिने नारळ खाली ठेवला, हात पुसले. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

"रोदेलला गाम्बोआने कायमची नोकरी देऊ केलीय," ती म्हणाली. "नाहीतर तो जहाजावर निघालाय. तुझ्या एल्पीसारखा माझा मुलगा पाण्यात जायला नको."

"माझ्यापाशी बोलायचं होतंस."

"बोलले असते तर वाळू सोडली असतीस?"

"नसती सोडली."

"मग काय बोलायचं? मला सोमवारपर्यंतच हवं होतं. नंतर मी सगळं तुला सांगणार होते." तिने मान वर केली. "आणि तुला ती जागा कशासाठी, कुमारे? तुझ्यामागे आहे कोण? तू गेल्यावर ती समुद्रालाच मिळायची. माझ्यामागे माझा मुलगा आहे."

रोदेलचं पहिलं पाऊल माझ्या ओसरीवर पडलं होतं. माझ्यामागे तोच आहे असं मी धरून चालले होते, आणि बेबिंगलाही ते माहीत आहे अशी माझी समजूत होती. मला तिला मारावंसं वाटलं. मी मारलं नाही. मी विचारलं, "तिथे रडलीस म्हणे."

"ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "तू गेलीस असं तोंडातून निघालं आणि मला खरंच आवरेना."

तिचं म्हणणं मला पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं. मी निघून आले.

रविवारी ओहोटीला ताबुनोकच्या माणसांनी बंगली परत खांद्यावर घेतली. या वेळी आमचं गावही दांड्यांना लागलं, लुपो सगळ्यात पुढे. खांब दगडांवर बरोब्बर बसले. मी, मारिविक आणि तिच्या आईने मिळून मोठ्या पातेल्यात भात आणि मासे शिजवले, मारिविकने घरून आणलेले तांदूळही त्यात गेले. तिचा निम्मा मुक्काम माझ्या गावातल्या गोंगाटात फुकट गेला होता, तरी तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. संध्याकाळी त्या दोघी बंगलीत गेल्या आणि त्यांनी खिडक्या उघडल्या.

सोमवारी मोजणीवाले आले. त्यांच्यातल्या तरुण अधिकाऱ्याने दगडांपासून दगडांपर्यंत फीत धरली, खांब हलवून पाहिले, आत झोपलेल्या म्हातारीला बघून आवाज खाली आणला. घर इथे जुनं आहे हे त्याला दिसत होतं. मग त्याने हद्दी विचारायला सुरुवात केली. मागची माडांची बाग कुणाची? मी सांगितलं, बेबिंगची.

"लागून असलेल्या शेजाऱ्याची साक्ष चांगली असते," तो म्हणाला. "कुठे आहे ती? बोलवा ना."

बेबिंग तिच्या माडांखाली उभी होती, डोक्याला रुमाल बांधून, चर्चला जायचा झगा घालून. साक्ष द्यायलाच आली होती. खरी साक्ष दिली असती तिने, मला माहीत होतं. ती एक पाऊल पुढे आली.

"ती वारली," मी म्हणाले.

अधिकाऱ्याने हातातली फीत गुंडाळायची थांबवली. "अरेरे. कधी?"

"परवाच्या सणात."

मेदेसने मान खाली घातली. तिया पेत्रा डोंगर उतरून आली होतीच, ती साक्षीला पुढे झाली, आणि बेबिंग जिथे होती तिथेच उभी राहिली.